तपासलं, ठीक

"मास्तर, रागावणार नसाल तर एक सांगू?" भर मीटिंगमध्ये नुकत्याच लागलेल्या पोरीनं विचारलं. सगळे तिला नवीच म्हणत. "तुमच्या मॅक्रोतल्या त्या एक्सचं नाव बदलायला हवं. कुणाच्या तरी एक्सशी टक्कर व्हायची."

"बारा वर्षांत झाली नाही," मास्तर हसून म्हणाले. आतून अंगाचा तिळपापड झाला होता.

सलाइनच्या पंपाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या ऑफिसात मास्तर सगळ्यात जुने. अर्ध्या ऑफिसला प्रोग्रॅम लिहायची सी भाषा त्यांनीच शिकवली, म्हणून हे नाव. त्यांचा मॅक्रो सगळे वापरत. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेला तुकडा. त्याचं नाव लिहिलं की तिथे तो जसाच्या तसा चिकटतो. मास्तरांचा तुकडा दोन आकड्यांची अदलाबदल करायचा. नर्सनं घाईत कमाल आणि किमान उलटं टाकलं, तर हा गुपचूप सुलट करी. त्यासाठी एक आकडा क्षणभर ठेवायला आत एक डबा होता. डब्याचं नाव एक्स.

वापरणाऱ्याच्या आकड्याचं नावही एक्स असलं की संपलंच. दोघांची गल्लत होणार, अदलाबदल होणारच नाही, आणि कॉम्प्युटर ब्रही काढणार नाही. म्हणून अशा डब्याला दुसऱ्या कुणाला सुचणार नाही असं लांबलचक नाव द्यायचं असतं. मास्तरांना हे तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. पण आपल्या हातचं आपणच खोडायचं? आणि आता ही कालची पोर चारचौघांत सांगणार!

त्यात मुख्य तपासनीसाची जागा रिकामी. त्याच्या सहीशिवाय एक ओळही पंपात जात नाही. नऊ वर्षं मास्तर त्या खुर्चीवर डोळा ठेवून होते. आणि ऑफिसच्या प्रमुख, मोठ्या बाई, हल्ली उठसूट नवीलाच केबिनमध्ये बोलवायच्या. काचेतून तिचं हसणं दिसलं, की मास्तरांना चहा कडू लागे.

"जेवताना तरी तिचं नाव नको," बायको वैतागली. "आठ दिवस तेच चाललंय. चांगली असेल बिचारी."

"तूही तिच्याच बाजूची!" मास्तर ताट सारून उठले.

तपासनीस नसल्यानं मंगळवारी नवीची फाइल मास्तरांकडेच तपासायला आली. गुरुवारी पाहुण्यांसमोर पंप चालवून दाखवायचा होता. चाळिसाव्या ओळीवर मास्तर थांबले. तिनं त्यांचाच मॅक्रो वापरला होता, आणि त्यात घातलेल्या आकड्याचं नाव होतं एक्स.

मास्तरांना हसू आवरेना. जगाला शहाणपण शिकवणारी स्वतःच तोंडावर आपटली की! आता सगळ्यांसमोर उलटे आकडे उलटेच राहणार. पंपाला पेशंट थोडाच जोडलाय, त्यांनी मनाला समजावलं. खाली टाइप केलं, "तपासलं, ठीक."

जाता जाता नवी टेबलापाशी थांबली. "सगळं बघितलंत ना, मास्तर?"

"ओळ न् ओळ."

तिचा चेहरा जरा उतरला. दमली असेल, मास्तरांना वाटलं.

गुरुवारी पंप झकास चालला. उलटे आकडे टाकले, सुलट झाले. मास्तर बघतच राहिले. पाहुणे गेल्यावर त्यांना केबिनमधून बोलावणं आलं. नवी तिथेच होती, मान खाली घालून.

"तपासनीसाची जागा मी हिला देणार होते," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण महिनाभर हिचं एकच पालुपद, ती जागा मास्तरांची. म्हणाली, मी एक चूक मुद्दाम घालते, त्यांच्याच मॅक्रोतली. दुसऱ्या कुणाला वर्षभर सापडणार नाही, ते दोन मिनिटांत धरतील. आज चालवली ती फाइल वेगळी होती, मास्तर."

मास्तरांनी नवीकडे पाहिलं.

"मी म्हणतेय, तुम्हाला चूक दिसलीच नाही. आणि ही अजून म्हणतेय, मास्तरांना दिसली नाही असं होणंच शक्य नाही." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हीच सांगा. कुणाचं खरं धरू?"