डाळिंब छाप

पूजा आटोपली, माणसं प्रसादाला उठली, तरी एझरा दाराकडे तोंड करूनच बसला होता. त्याची नजर उंबऱ्याबाहेरच्या चपलांच्या ढिगावर होती.

नवीन पनवेलला सुमतीबाईंनी फ्लॅट घेतला, त्याची ही पूजा. एझरा ज्यू असला तरी पूजा, बारसं, साखरपुडा, कुठलंच आमंत्रण चुकवायचा नाही. एक तर शेजारधर्म, आणि दुसरं म्हणजे धंद्याची खबर. "गिऱ्हाइकाच्या तोंडावर जाऊ नये," तो म्हणायचा. "त्याच्या दारातल्या चपला बघाव्यात."

आजची खबर बरी नव्हती. टीव्हीवर उड्या मारणारे पांढरे स्पोर्ट शूज होते, रंगीत पट्ट्यांच्या स्लिपर होत्या. एझराच्या डाळिंब छापाचा एकच जोड होता, बँकेतल्या विनायकरावांचा, तोही भिंतीकडेला सरकलेला.

डाळिंब छाप एझराच्या वडिलांनी काढला. टाचेखाली डाळिंबाचा ठसा, कडेला दुहेरी शिवण. एझरा काही लकीर का फकीर नव्हता. बेलबॉटमच्या दिवसांत त्याने टाच वाढवली, कळंबोलीला ट्रकवाले आले तेव्हा टायरचा तळ लावला, कॉलेजच्या मुलींसाठी पट्टा नाजूक केला. पण टीव्हीवरचा बूट दर दिवाळीला नवा व्हायचा आणि याची चप्पल वर्षानुवर्षं टिकायची. ब्याण्णव साल उजाडेपर्यंत टिकणं हाच तिचा दोष ठरू लागला होता. फॅशन पायाची नसतेच, ती बघणाऱ्याच्या डोळ्यांची असते, हे एझराला कळत होतं. कळूनही वाईट वाटायचंच.

मुलगा योसेफ इस्रायलला स्थायिक झाला होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. पप्पा, दुकान विका आणि दोघंही इकडे या. दिवाळीपर्यंत काय ते सांगतो, असं एझराने कबूल केलं होतं, आणि दिवाळी तोंडावर आली होती.

त्याची बायको बथशेबा मात्र एका पायावर तयार होती. तिने गेल्या वर्षीच पत्र्याची मोठी ट्रंक आणून पलंगाखाली ठेवली होती. "माझ्या साड्या भरून झाल्या," ती चारचौघांत सांगायची. "हेच आपले चपलेत अडकलेत."

"काकू, तुम्ही गेल्यावर आमच्या पापडांचं कसं व्हायचं?" सुमतीबाईंनी तिला विचारलं.

"जायचं तर आहेच ना," बथशेबा म्हणाली आणि आपली कापडी पिशवी शोधू लागली. सुमतीबाईंनी दिलेली केळी तिने हातातच धरली. "अहो, तुम्ही बसा गप्पा मारत. मी पुढे होते. संध्याकाळी योसेफचा फोन यायचाय."

एझराने विनायकरावांना गाठलं. "खरं सांगा, अजून आमची चप्पल का घालता?"

"सवय, दुसरं काय! स्वानंद म्हणतो, बाबा, आता स्पोर्ट शूज घ्या. पुढच्या वेळी बघू."

ते उत्तर एझराला लागलं. आजच योसेफला हो म्हणून टाकावं, असं त्याच्या मनात आलं.

निघताना दारात गलका झाला. विनायकरावांचा जोड गायब होता. शेजारचे महागडे पांढरे बूट जागच्या जागी होते.

"कमाल आहे," सुमतीबाई म्हणाल्या. "परवा साखरपुड्यातून माझ्या दिरांच्या गेल्या. त्याही डाळिंब छापच!"

"कोन गावातल्या बारशातही तेच झालं," आणखी कुणी म्हणालं. गेलं वर्षभर हे चाललं होतं. हा चोर दुसऱ्या चपलांकडे ढुंकूनही बघत नव्हता.

एझराचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या नुकसानीत सुख मानू नये हे त्याला ठाऊक होतं, पण मन ऐकेना. "जाहिरात सगळेच बघतात, विनायकराव. चोर फक्त माल बघतो."

अनवाणी उभे असलेले विनायकराव हसले. "मग मला तीच घ्यायला हवी. स्वानंदलाही घेऊन येतो. लोक चोरतात म्हटल्यावर त्यालाही हवीशी वाटेल."

"उद्या या. तुमचा जोड अर्ध्या किमतीत."

हा नियम बथशेबाचा. ज्याची डाळिंब छाप चोरीला जाईल त्याला दुसरा जोड अर्ध्या किमतीत द्यायचा, असा तिने हट्टच धरला होता.

एझरा घरी पोचला तेव्हा फोन वाजत होता.

"नाही रे बाळा, नाही येत आम्ही," तो योसेफला म्हणाला. "माझी चप्पल अजून लोकांना हवी आहे. चोरण्याइतकी हवी आहे! अशी चालती चप्पल बंद करून कुठे येऊ?"

मग बथशेबाने फोन घेतला. "मी काय सांगू, राजा? मी तर केव्हाची तयार आहे. पण ह्यांच्यापुढे माझं कुठे चालतं?" तिचा आवाज भरून आला होता.

फोन ठेवल्यावर एझरा तिच्याजवळ घुटमळला. "तुला पोराकडे जायचं होतं. मी आडवा आलो."

"असू द्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही."

"तुझी ती पिशवी तरी रिकामी कर. केव्हाची खुंटीला लटकतेय."

"करते. तुम्ही व्हा खाली."

एझरा गुणगुणत खाली दुकानात उतरला. स्वानंदसाठी नवा नमुना कापायचा, थोड्या वेगळ्या पट्ट्याचा, असं त्याने जिन्यातच ठरवून टाकलं.

त्याची पावलं खाली पोचेपर्यंत बथशेबा थांबली. मग तिने दाराला कडी घातली, खुंटीवरची पिशवी काढली आणि पलंगाखालची ट्रंक जोर लावून बाहेर ओढली. पिशवीतला विनायकरावांचा जोड तिने पदराने पुसला आणि आतल्या डाळिंब छापांच्या राशीवर नीट ठेवला. झाकण आता जेमतेम लागत होतं. ट्रंकेत साडी एकही नव्हती.