न घसरणारा पाय

गेल्या वेळी ट्रायपॉडचा पाय सूतभर घसरला आणि फोटोत आजीसकट सगळे धूसर आले. तोच आजीचा शेवटचा फोटो ठरला. तेव्हापासून नातवाने त्या पायासाठी नवं लॉक घडवण्यात दोन वर्षं घालवली; त्याचा खटका खाचेत बसला की हत्ती टेकला तरी पाय घसरत नसे. आज ताई परदेशी निघाली होती, टॅक्सी दारात हॉर्न वाजवत होती. खोलीत उजेड बेताचा, म्हणून फोटोसाठी दोन सेकंद कुणी हलायचं नव्हतं. टायमर लावून तो धावत ताईशेजारी उभा राहिला, पण जीव खटक्यातच अडकलेला. नीट बसला ना? शटर उघडताच त्याने वाकून पाहिलं. पाय जागचा हलला नव्हता. टॅक्सी गेल्यावर त्याने फोटो उघडला. सगळे लख्ख आले, त्याच्या चेहऱ्याचा मात्र धूर झाला होता. आई म्हणाली, "पुढच्या वेळी खटक्याकडे नको रे, आमच्याकडे बघ."