देवराईतली फांदी

देवराईतलं वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, ही आहुपे गावची रीत. पण आरोहीच्या लेखासोबत संशोधन पत्रिकेला राईतल्या एका दुर्मिळ झाडाची फांदी दाखवायची होती. नातीचं चार वर्षांचं काम अडलेलं पाहून शेवटी गेणूबाबांनी ती आणून दिली. त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

आज लेख पाठवायची शेवटची तारीख. लॅपटॉप मांडीवर घेऊन आरोही हसत म्हणाली, "बाबा, पुण्याच्या तज्ज्ञांनी फांदी नीट तपासली. हे तेच झाड, म्हणाले. आता बटन दाबलं की झालं."

"लेखात काय लिवलंस?"

"हेच, की हे झाड आता फक्त आपल्या देवराईत उरलंय. बाहेर कुठंच न्हाई."

बाबांनी पुढं होऊन तिचा हात धरला. "जरा थांब, पोरी. दाबू नको."

"देवाला भ्यालात व्हय? एका फांदीनं देव कोपत न्हाई, बाबा."

"भ्यालो म्हणून तर राईत गेलोच नाय," बाबा खाली बघत म्हणाले. "ती फांदी आपल्या बांधावरची हाय."