हात मागे

"पाच-पाच," सैदालवी माशांनी, गावाच्या गणिताच्या मास्तरांनी, पेन्सिल कानामागे अडकवली. "गुण सात-सात. केलेले गोल चार-चार, खाल्लेले दोन-दोन. आपसातला सामना एक-एक. आणि पिवळी कार्डंसुद्धा पाच-पाच."

"म्हणजे आपण पुढे का मागे, तेवढं सांगा." प्रशिक्षक बापुट्टीची नजर मैदानावरून हलत नव्हती.

"मागे. कार्डंही सारखी असली तर गेल्या वर्षीचा सगळ्या गटांतला क्रमांक बघतात. पुलियोड तिसरे होते. आपण अकरावे."

बापुट्टीने तोंडातल्या तोंडात शिवी गिळली.

सत्तर मिनिटं झाली होती. चेरिक्काव एक-शून्यने पुढे होतं. बारा किलोमीटरवरच्या मैदानात त्याच वेळी सुरू झालेल्या सामन्यात पुलियोडही एक-शून्यने पुढे होतं. जिल्हा स्पर्धेत या गटातून एकच संघ जाणार होता आणि चेरिक्काव बावीस वर्षांत एकदाही गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी गेलो, असं वाटलं होतं. गोलफरक मोजून गावाने चार डेगा बिर्याणी शिजवली, जीपवर भोंगा बांधून मिरवणूक काढली. सकाळी कळलं की गोलफरकाच्या आधी आपसातला सामना मोजतात, आणि तो तर आपण हरलो होतो. पुलियोडवाले अजूनही बाजारात भेटले की विचारत, "काय रे, बिर्याणी उरलीय का?"

म्हणून यंदा क्लबने हायस्कूलात तीस वर्षं गणित शिकवलेल्या माशांना धरून आणलं. बाकावर बाहेरच्या माणसाला बसू देत नाहीत, तेव्हा मॅनेजरच्या रकान्यात त्यांचं नाव घालून गळ्यात बिल्ला अडकवला. चेंडूला त्यांनी जन्मात पाय लावला नव्हता. नियमपुस्तिका मात्र त्यांना पाठ होती.

त्यांनी संघाला एकच गोष्ट शिकवली होती. शिट्टी वाजली की हात मागे बांधायचे. भांडायचं नाही, ढकलायचं नाही, रेफरीला हातवारे करायचे नाहीत. निम्मा संघ त्यांच्याच वर्गात मार खाऊन मोठा झालेला. पहिल्यांदा अकरा जण पाढे म्हणायला उभे राहिल्यासारखे उभे राहिले, तेव्हा गॅलरी हसून लोटपोट झाली होती. पण आज अजून एकही कार्ड पडलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला फोन वाजला. पुलियोडच्या मैदानावर माशांनी मेहुण्याला, बशीरला, बसवलं होतं; तो त्यांना 'अळिया', म्हणजे दाजी, म्हणे.

"अळिया!" बशीर ओरडला. "त्यांच्या कोचने पाण्याची बाटली लाथाडली! रेफरीने त्याला पिवळं दाखवलं!"

"खेळाडूला का कोचला? नीट सांग."

"कोचलाच हो! डोळ्यांनी पाहिलं. पण ते मोजतात का?"

माशांनी पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. "नियम चौदा. खेळाडू आणि बाकावरचे अधिकारी." त्यांचा आवाज चिरकला. "बापुट्टी, सहा-पाच! आपण पुढे!"

बापुट्टीने त्यांना कडकडून मिठी मारली. "माश, तुमच्या हातचा मार खाल्ला, त्याचं आज सार्थक झालं!"

"मिठ्या नंतर. तो जाबीर बघ आधी."

जाबीर मधल्या फळीतला. पाय सोन्याचे, डोकं फटाक्याचं. पाचांतली तीन कार्डं त्याची एकट्याची. समोरच्यांनी हे ओळखलं होतं. त्यांचा उंच बचावपटू मघापासून त्याच्या कानाशी लागून काहीबाही बोलत होता.

"काढ त्याला बाहेर," माश म्हणाले.

"कसा काढू? बदली खेळाडू संपले."

"मग देवाचं नाव घे."

नव्वद मिनिटं झाली. रेफरीने वाढीव तीन मिनिटं दिली. गॅलरीतली माणसं बाकांवर उभी राहिली, फळ्या करकरल्या. मग पुन्हा फोन.

"संपला! एक-शून्य! आणखी एकही कार्ड नाही!" बशीर रडत होता की हसत होता, कळत नव्हतं. "पुलियोडवाले इकडे नाचतायत, अळिया. त्यांना ठाऊकच नाही!"

"नाचू दे. यंदा बिर्याणी त्यांना करू दे."

माशांनी घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंद. एक-शून्य, सहा-पाच. आता फक्त चाळीस सेकंद काही घडायला नको होतं.

तेवढ्यात समोरच त्या उंच बचावपटूने जाबीरच्या घोट्यावर बूट ठेवला आणि दाबला. शिट्टी वाजली. जाबीर उठला. हात मागे नव्हते, मुठी वळलेल्या होत्या.

"जाबीर! हात मागे!"

त्याला ऐकू गेलं नाही. तो दोन पावलं पुढे गेला. कप्तान फार लांब होता.

अठ्ठावन्न वर्षांचे सैदालवी माश जन्मात पहिल्यांदा धावले, थेट मैदानात. चपला बाकाखालीच राहिल्या, कमरेचं मुंडू लुंगीसारखं गुडघ्यावर दुमडलेलं. वाऱ्यासारखे जाऊन त्यांनी जाबीरला मागून विळखा घातला, दोन्ही मनगटं धरली आणि त्याच्या पाठीमागे नेऊन घट्ट आवळली.

"एकदा तरी ऐक रे, गाढवा!"

जाबीरने मुठी सोडल्या. "चुकलो, माश," तो पुटपुटला.

गॅलरी कोसळायची बाकी होती. माशांच्या नावाचा गजर सुरू झाला. बापुट्टी पांढऱ्या रेषेपाशी दोन्ही हातांनी डोकं धरून उभा होता.

रेफरी खिशात हात घालत आला. माशांनी जाबीरची बांधलेली मनगटं त्याला दिसतील अशी जरा वर धरली आणि हसून म्हणाले, "बघा, हात मागे आहेत."

रेफरीने जाबीरकडे पाहिलंच नाही. माशांच्या गळ्यातला उलटा झालेला बिल्ला त्याने दोन बोटांनी सरळ केला, नाव वाचलं आणि पिवळं कार्ड वर धरलं.