माणशी दहा किलो

"तीस किलो होतंय," उन्नी म्हणाली. "अरे तेर्ये, ऐकतोयस का? आता आपण दोघंच. वीसच नेता येतील."

तेर्ये ऐकत नव्हता. त्याने डुकराच्या मांसाचा आणखी एक भलामोठा तुकडा दुकानाच्या ढकलगाडीत टाकला आणि खिशातून यादी काढली. यादी उन्नीच्याच अक्षरातली, गेल्या वर्षीची, घडीवर फाटायला आलेली. नवी कर म्हटलं की हा माणूस उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

"माणशी दहा," तो स्वतःशी पुटपुटला. "तीस."

स्वीडनच्या बाजूला मांस कितीतरी स्वस्त. मॉसच्या त्यांच्या घरून तासाभराचा रस्ता. पण नॉर्वेत परत नेताना मांस आणि चीज मिळून माणशी दहा किलोच. म्हणून तर उन्नी दर वेळी सासूबाईंना गाडीत बसवून आणायची. चौऱ्याऐंशीची म्हातारी, धड दोन घास खात नसे, पण तिचेही दहा किलो मोजले जात. संसार असाच चालवावा लागतो, असं उन्नीचं ठाम मत होतं.

आता ती सोय संपली होती. फेब्रुवारीभर घरात दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या आणि मार्चमध्ये शवपेटी निघाली. उन्नीला त्या दिवसाचं फारसं आठवत नव्हतं. निळी फुलं आठवत होती, तेर्येचे हलणारे खांदे आठवत होते, आणि चर्चच्या हॉलमध्ये तिला कुणी साधी कॉफीसुद्धा विचारली नाही हे पक्कं आठवत होतं. पेटीत कोण, हा प्रश्न तिला पडलाच नाही. घरात चौऱ्याऐंशीचं माणूस असताना त्यात विचारायचं काय?

विचारायची वेळ नंतर आली. कारण सासूबाई गेल्याच नाहीत.

स्वयंपाकघरातल्या खुर्चीत त्या तशाच बसत. आणि तेर्येलाही दिसत, हे जास्त वाईट होतं. उन्नी त्या खुर्चीच्या बाजूने जाणंच टाळू लागली.

आजही त्या आल्या होत्या. गाडीत मागे, डाव्या खिडकीशी, मांडीवर चौकटीची शाल.

तेर्येने मांस मागे लादलं आणि चीजचा डबा म्हातारीच्या पायाशी सरकवला. लेकीसाठी, मार्टेसाठी घेतलेली गोळ्या-चॉकलेटांची मोठी पिशवी त्याने पुढे उन्नीच्या मांडीवर टाकली. विचारायची पद्धत त्याने हल्ली सोडलीच होती. उन्नीने पिशवी मुकाट्याने धरली.

"आई, पाय आखडलेत का?" त्याने गाडी सुरू करत विचारलं.

"आखडले तरी कुणाला सांगायचं?" मागून आवाज आला. "मी काय माणूस म्हणून आलेय? मी दहा किलो म्हणून आलेय."

हा त्यांचा जुनाच टोमणा. दोन महिने झाले तरी जिभेची धार गेली नव्हती. तेर्ये हसला.  उन्नीने आरशात बघायचं टाळलं.

सरहद्दीच्या पुलावर धुकं उतरलं होतं. भर दुपारी पलीकडचा किनारा दिसत नव्हता.

"वळ ना रे मागे," उन्नी काकुळतीला आली. "थोडं परत करू. पकडलं तर सगळंच काढून घेतील. पुढच्या रविवारी चर्चमध्ये मार्टेचं कन्फर्मेशन आहे, पस्तीस माणसं जेवायला येणार. पोरीच्या आयुष्यातला मोठा दिवस, आणि आपण पाहुण्यांना काय उकडलेले बटाटे वाढायचे?"

तेर्येने काचा पुसायचा दांडा चालू केला.

"खिडकी लाव रे बाळा," सासूबाई म्हणाल्या. "पुढून गार येतंय."

"लावलेलीच आहे, आई."

नॉर्वेच्या बाजूला पिवळ्या जाकिटातली कस्टमवाली हात वर करून उभीच होती. तेर्येने काच खाली घेतली. बाईने मागचं दार उचलून पिशव्या वजनकाट्यावर चढवल्या. उन्नीने डोळे मिटले. तिचा सगळा जीव त्या काट्यात अडकला होता.

"मांसच सत्तावीस," बाई परत येऊन म्हणाली. "दोन माणसांचे वीस चालतात."

झालं.

बाई मागच्या काचेशी वाकली. "आजी, तुमच्या पायाशी काय आहे?"

"चीज आहे गं पोरी. तीन किलो. वितळायच्या आत बघ काय बघायचं ते."

उन्नीने डोळे उघडले. या बाईला सासूबाई दिसत होत्या! चक्क बोलत होती त्यांच्याशी. उन्नीला भीती वाटायला हवी होती, पण तिला हर्षच झाला. तेर्ये, ती आणि सासूबाई. तीन माणसं, तीस किलो, बरोब्बर! म्हातारी मेल्यावरही उपयोगी पडली होती. मार्टेचं जेवण वाचलं होतं.

"तिघं आहोत आम्ही!" ती ओरडली. "मोजा ना, तिघं!"

बाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती तेर्येला म्हणाली, "सत्तावीस आणि तीन, तीस. दहा किलो जादा आहेत. हे कुणाचे?"

तेर्येने खिशातली यादी काढून तिच्यापुढे धरली.

"सवयीने घेतले हो," तो म्हणाला. "दर वेळी तिघंच यायचो. घरचं सामान बायकोच बघायची. ही यादी तिचीच. मार्चमध्ये गेली ती... मला अजून दोघांचा हिशेब जमत नाही."

मागे सासूबाईंनी शालीने डोळे पुसले. कस्टमवालीने मान खाली घातली, मग हळूच विचारलं, "आणि ती पुढची पिशवी? तिच्यात काय आहे?"

"मुलीसाठी गोळ्या आहेत," तेर्ये म्हणाला, आणि त्याने शेजारच्या रिकाम्या सीटवरून पिशवी उचलून तिच्या हातात दिली.