सोळा तळ्यांची मासळी

"आणखी एक पाटी!" मोजणीचे साहेब ओरडले. राघोनं भरलेली पाटी काट्याला अडकवली. जिताडे अजून शेपट्या आपटत होते.

बांधावर उभी असलेली त्याची बायको सगुणा एकदा काट्याकडे, एकदा साहेबांच्या तोंडाकडे बघत होती.

ठाण्याच्या खाडीकाठी, भरतीचं खारं पाणी शिरणाऱ्या त्यांच्या खाजणात सोळा घरांची सोळा तळी होती. मासळी आणि कालवांवर गाव किती कमावतं ते मोजायला साहेब यायचे होते. त्याआधीच गावातल्या धाकूनं कचेरीतून बातमी आणली. कमी पिकणारी खाजणं भरून तिथं कारखाना काढायचा घाट होता. खाजण गेलं की सोळा चुली विझल्या. साहेब मोजणार मात्र एकच तळं आणि आकडा सोळानं गुणणार. आदल्या दिवशी त्यांनी चिठ्ठी टाकली, ती सगुणेच्या तळ्याची निघाली.

मग काय, पहाटेच्या ओहोटीला पंधरा घरांनी आपापली जिवंत मासळी हंड्यांतून आणून तिच्या तळ्यात सोडली. हौसाबाईनं तर कालवं चिकटलेले दगडच उचलून आणले.

"असा उपसा वर्षातून कितीदा?" साहेबांनी विचारलं.

"चार-पाच येला तरी," राघो मान खाली घालून म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं. सगुणेला वाटलं, ओळखलं यांनी. पण साहेब खूश होते. बैलगाडी बांधापर्यंत येते का, पाणी आत-बाहेर सोडायला उघाडीची फळी कोण उचलतं, जवळ गोडं पाणी आहे का, सगळं त्यांनी आपुलकीनं विचारलं. अशा भल्या माणसाला फसवल्याची तिला लाज वाटली.

"सायेब, आमचं खाजन वाया नाय ना?"

"वाया? अहो बाई, सोनं आहे हे!"

महिन्याभरानं साहेब कागद घेऊन स्वतः आले. सगळं गाव बांधावर जमलं.

"कारखान्याचा बेत रद्द झाला," ते म्हणाले.

धाकूनं टोपी हवेत उडवली. सगुणेला रडूच कोसळलं. सासऱ्यानं चिखल वाहून घातलेला बांध वाचला होता. हौसाबाई साहेबांच्या पाया पडायला वाकली.

साहेबांनी हसत हात वर केला. "थांबा, पुढचं ऐका. एवढं पिकणारं खाजण सरकार सोडतंय होय? सोळाही तळी सरकारी मत्स्यशेतीसाठी घेतली आहेत. दिवाळीच्या आत रिकामी करा."