शिरा हिरव्या, पान पिवळं

"कोणतं औषध फवारत होते? आठवा, ताई. सुई दिलीय, पण नाव कळलं तर पुढचा उपचार नेमका करता येईल."

डॉक्टर जुईलीनं भावनाला पुन्हा विचारलं. पडद्याआड तिचा नवरा सागर खाटेवर पडला होता. तोंडाला फेस, अंगातून घामाच्या धारा, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. इतकी भीती भावनाला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सागरला वरूडच्या या दवाखान्यात आणलं ते शेजारच्या वावरातल्या चंद्रभाननं. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला होता.

"संत्र्याच्या कलमांत पडेल दिसला, वयनी. डबा उघडा, पंप बाजूले. दवाईची शिशी मातर कुठीच दिसली नाई."

"नाल्यात फेकली असन," भावना म्हणाली.

"तोंडाले काई बांधेल नोतं त्याच्या. मी काल दिवसभर माह्या कपाशीच्या पऱ्हाटीवर मारलं, पण दुपट्टा सोडला नाई. म्हणून तं बरा हाओ."

भावनाला त्याचा रागच आला. ही काय शहाणपण शिकवायची वेळ आहे? सागरचा शर्ट तिच्या मांडीवर होता. तिनं तो नाकाशी धरला. नुसता घामाचा वास. औषध घामानं धुऊन गेलं असेल, असं तिला वाटलं.

मग शर्टाच्या खिशातला सागरचा फोन तिच्या हाताला लागला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं.

कृषी केंद्रवाल्याचं सागर कधी ऐकायचा नाही. "तो जे पडून हाय ते इकते," म्हणायचा. त्याचा सगळा भरवसा फोनमधल्या एका ॲपवर. त्यात झाडाबद्दल प्रश्न यायचे, चित्रं यायची. उत्तर दिलं की न जुळणारी चित्रं गळून पडायची. शेवटी एकच उरायचं, आणि त्याच्याखाली औषधाचं नाव. भावना त्याला चिडवायची, "फोनले विचारल्याबिगर चहा तरी पेत जा." आज सकाळीही तो हसत म्हणाला होता, "कलमांची पानं पिवळी पडून राहिली. फोनले विचारतो. तो सांगन ते मारतो."

तीच उत्तरं दिली तर तेच औषध निघेल!

तिनं सागरच्या फोनवर ते ॲप उघडलं आणि स्वतःच्या फोनवरून सासूला, बेबीताईला, लावलं. "आई, वावरात जा. पळत जा. कलमाचं एक पिवळं पान हातात घ्या अन् मी विचारतो ते सांगा."

पलीकडून नुसती धाप ऐकू येत राहिली. मग म्हातारीचा आवाज आला. "आली बाई. दोन वावराइच्या मधातल्या धुऱ्यावरून आली तं काकडीच्या येलात पाय गुतला. सागर कसा हाय?"

"हायेत," भावना म्हणाली. "पान वरून मुडपलं का?"

"नाई. सीधं हाय."

अर्धी चित्रं गेली.

"मांगून पहा. बारीक किडे? पांढरी भुकटी? चिकट लागते का?"

"काईच नाई. सोच्छ हाय."

पडद्याआड कोणीतरी "मॅडम!" म्हणून ओरडलं. नर्स धावत आत गेली. भावनाचा अंगठा घामानं काचेवरून घसरायला लागला. तिनं तो पदराला पुसला. लेक शाळेत आहे ते एक बरं, तिनं मनात म्हटलं. बापाला असं पाहून पोरीनं जीवच सोडला असता. श्रावणी बापाची शेपटी. शाळेतली खिचडी तिला चालायची नाही, पप्पासारखाच डबा पाहिजे म्हणून रोज हट्ट. आज सकाळीही दोन डबे भरून भावनानं दोघांना वाटेला लावलं होतं.

"आई, शिरा कशा हायेत?"

"शिरा हिरव्या. मधातलं पिवळं. पान बी बारकं हाय, बोटावानी."

"एकाच झाडाचं, का साऱ्याइचं?"

"साऱ्याइचं तसंच हाय वो."

एकच चित्र उरलं. देवा, सापडलं! भावनानं ते दाबलं आणि वाचायला लागली. तिचे ओठ हलत होते.

'कीड नाही. रोग नाही. जस्ताची कमतरता. कीटकनाशक फवारू नये.'

तिनं ते पुन्हा वाचलं.

"आई," ती फोनमध्ये म्हणाली. "तिथं पंप पडला असन. पहा बरं, त्यात किती हाय."

"पंप? पंप तं कोरडा ठक्क हाय वो. भरलाच नाई त्यानं."

डॉक्टर जुईली पडदा सारून बाहेर आली. "मिळालं नाव?"

"त्यायनं फवारलंच नाही, मॅडम."

"मग पोटातून गेलं असणार. सकाळपासून काय खाल्लं?"

"घरचाच डबा. पोळी, आलूची भाजी. अन् आईनं पहाटे धुऱ्यावरच्या काकड्या तोडून आणल्या होत्या, त्या चिरून दिल्या."

चंद्रभान भिंत धरून उठला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "कोणत्या धुऱ्यावरच्या, वयनी? आपल्या दोघायच्या? काल वारं तिकडंच होतं वो. माहा सारा फवारा त्या येलावर गेला."

"त्या काकड्या आणखी कोणी खाल्ल्या?" डॉक्टरनं विचारलं.

भावनाच्या हातात सागरचा फोन वाजला. पिवळ्या पानाचं चित्र गेलं आणि त्या जागी नाव आलं: 'श्रावणीच्या बाई'.